उंबरदऱ्याचे यजमान

अन्याय झाला तो आमच्या आटपाडीच्या घरमालकांवर. १९९३ साली, डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, दुपारी सव्वा वाजता. जागा: सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्यावरच्या डोंगरात नव्यानं उघडलेलं एक जंगल-रिसॉर्ट, त्याचं जेवणघर. करणारे पाच जण. टाय लावलेला मॅनेजर, त्याच्या हुकमाचे दोन पहारेकरी, माझे वडील आणि पाचवी मी. मी तेव्हा आठवीत होते. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि मी मान खाली घालून गुलाबजाम खात होते.

आता मी धरणग्रस्तांच्या आंदोलनाची पत्रकं लिहिते, त्यामुळे हे आधी सांगून टाकलं. कोणावर, कधी, कोणी, हे पहिल्या चार ओळींत आलं नाही तर लोक पत्रकात शेंगदाणे बांधतात. पण पुढचं पत्रकासारखं लिहिता येणार नाही, कारण हा माणूस पत्रकात मावत नाही. 'धरणग्रस्त' असा शब्द त्याच्यावर टाकला की तो त्याच्या खालून पाय बाहेर काढतो.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पप्पांची बँकेतली बदली आटपाडीला झाली तेव्हा आबांच्या घराच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. घर दाखवायला आलेला माणूस लांबूनच म्हणाला होता, "ते उतरत्या छपराचं दिसतंय ना, तेच. गावात तसलं दुसरं न्हाई." आटपाडीत पाऊस म्हणजे वर्षातून चार वेळा आभाळात होणारी चर्चा. सगळ्यांची घरं सपाट, मातीच्या धाब्याची नाहीतर स्लॅबची. आबांचं छप्पर मात्र इतकं उतरतं की त्यावर मांजर बसलं तर घसरत खाली यावं. कडेला हात-हात पुढे आलेल्या वळचणी. खाली पन्हळ, पाणी वाहून न्यायला. त्या पन्हळीत चिमण्यांनी घरटी केली होती आणि त्या बिनघोर होत्या.

दर वर्षी मे महिन्यात आबा चार महिन्यांचं सरपण फोडून, रचून, वर ताडपत्री घालून ठेवायचे. पश्चिमेच्या भिंतीला गवताचा जाड पडदा बांधायचे, भिंत भिजू नये म्हणून. खुंटीवरचं, पावसात डोक्यावरून घ्यायचं इरलं खाली काढून त्याच्या बांबूच्या कामट्या तपासायचे, तुटली असेल तर नवी ओवायचे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पावसाची सगळी नक्षत्रं कोरडी जायची. दिवाळीनंतर आबा तो पडदा सोडवून, झटकून, गुंडाळून माळ्यावर टाकायचे. तो झटकताना धूळ उडायची, पाणी नव्हे.

शेजारचे हसायचे. "आबा, औंदा पूर येतोय म्हनं आटपाडीला. होडी कवा बांधताय?"

"येऊ दे की गड्या," आबा म्हणायचे. "तुलाबी घीन होडीत. आमच्याकडं आठ-आठ दिस सूर्य दिसत न्हाई."

हे 'आमच्याकडं' म्हणजे उंबरदरं. डोंगरातलं तीस-पस्तीस घरांचं गाव. धरण झालं तेव्हा पाणी गावाच्या घरांपर्यंत आलंच नव्हतं. भाताची खाचरं बुडाली, रस्ता बुडाला, आणि सरकारनं सांगितलं की आता इथे राहता येणार नाही. गावाची फाटाफूट झाली. कोणी कुठे, कोणी कुठे. आबा तेव्हा विशीतले, नुकतं लग्न झालेले. त्यांच्या वाट्याला आटपाडीचा माळ आला. पुढे बायको गेली, मुलगा फौजेत गेला, आबा साठीला आले, पण गावाबद्दल बोलताना कधी 'हुतं' म्हणाले नाहीत. आमच्याकडं फणस हाय. आमच्याकडं जळवा लय. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल तिथून आलाय आणि परवा परत जाणार आहे.

आणि त्यांची ती रीत. उंबरठ्याच्या आत कोणीही पाऊल टाकलं, अगदी कोणीही, की आधी गूळपाणी. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. ते घेतल्याशिवाय आलेल्या माणसानं तोंड उघडायचं नाही. नाव नाही, गाव नाही, काम नाही. "आधी घे. मग बोल." आणि जाताना त्याला शिवेपर्यंत सोडायला जायचं. आटपाडीत शीव म्हणजे त्यांनी स्वतः ठरवलेली, ओढ्याकाठची एक बाभळ. मीटर वाचायला येणारा वायरमन, पोस्टमन, चुकून आलेला साबणविक्या, सगळ्यांना आबांनी त्या बाभळीपर्यंत सोडलेलं आहे. वायरमन तर आमच्या घराची पाळी शेवटी ठेवायचा, कारण तिथून परत मागे यायला मिळायचं नाही.

माझ्या आईला हे सुरुवातीला झेपलं नाही. टँकर चार दिवसांनी यायचा. आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायचो आणि हा माणूस येईल त्याच्या हातात भरलेला तांब्या देतोय.

"आबा, आपल्यालाच प्यायला नाही," ती एकदा म्हणाली.

"पावण्याची घागर येगळी हाय, पोरी. ती आपली न्हवंच. तिच्यात कमी पडलं तर बोल."

ती घागर कधी कमी पडली नाही. कशी, ते आईला नंतर कळलं. आबा स्वतः दिवसाला दोन पेले पाणी प्यायचे.

एका निवडणुकीत एक उमेदवार वीस कार्यकर्ते घेऊन दारात आला. हात जोडून "मायबाप" एवढंच म्हणाला असेल, आबांनी हात वर केला. "आधी घ्या." वीस जणांना एका तांब्यानं गूळपाणी. आबा एकेकाजवळ थांबायचे, पाणी घशाखाली उतरेपर्यंत बघायचे, मग पुढे. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत उमेदवाराची पुढच्या गावची सभा जवळ आली. तो न बोलता निघाला तर आबा त्याला सोडायला निघाले. पुढे आबा, त्यांच्या मागे उमेदवार, आणि त्याच्या मागे चालीच्या वेगानं कर्ण्याची जीप. बाभळीपाशी आबा म्हणाले, "आता बोला, काय काम काढलंसा?" तो म्हणाला, "काही नाही, सहज आलो होतो."

हे सगळं आम्हाला विक्षिप्तपणा वाटायचं. प्रेमाचा, पण विक्षिप्तपणाच. ही आमची पहिली चूक.

त्र्याण्णवच्या दिवाळीत पप्पांनी त्या रिसॉर्टची रंगीत घडीपत्रिका आणली. बँकेतले सगळे जात होते. दोन दिवस, एक रात्र, जंगलात, पोहण्याच्या तलावासकट. आई आणि मी ती पत्रिका ओसरीवर उलगडून बसलो होतो. आबा मागून आले, चष्मा सारखा केला, वाकले. मग आत गेले, चष्मा धुऊन, पुसून परत आले आणि पुन्हा वाकले. फोटोत एक डोंगर होता, मधोमध पडक्या दातासारखी खिंड.

"सायेब," ते पप्पांना म्हणाले, "हे आमचं."

"काय आमचं?"

"हे. उंबरदरं. ही आमची खिंड. हितनं आमी कराडला जातो."

पप्पा हसले. "आबा, सगळे डोंगर सारखेच दिसतात हो फोटोत."

"बायकूबी फोटूत ओळखू येती की सायेब. ह्यो तर डोंगर हाय."

गाव उठल्यापासून तेहतीस वर्षांत ते एकदाही तिकडे गेले नव्हते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आई म्हणाली, "चला मग आमच्याबरोबर." पप्पांनी कपाळाला आठी घातली, पण त्यांनाही आबा आवडत होते. अडचण एकच. ती योजना एका कुटुंबासाठी होती, आणि फॉर्मवर प्रत्येकाचं नातं लिहायचं होतं. पप्पांनी थोडा विचार केला आणि आबांच्या नावापुढे लिहिलं: वडील.

पप्पांचे वडील ते लहान असतानाच गेले होते. त्यांनी ते लिहिलं ते सोय म्हणून. आबांनी घेतलं ते वेगळं.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. विट्याच्या पुढे थंडी वाजायला लागली तसे आबा पप्पांना म्हणाले, "लेका, खिडकी लाव. बापाला वारा लागतोय."

"आबा, ते फॉर्मपुरतं आहे."

"कागदावर लिवलं म्हंजी झालं. आमचं गावबी कागदावरच उठवलं हुतं."

मी त्यांच्या तोंडून 'हुतं' ऐकलं ते पहिल्यांदा. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. आत इरलं मावत नाही म्हणून ते पाठीला बांधलं होतं, डिसेंबरात. पिशवीत पितळी तांब्या आणि अर्धी ढेप गूळ. आईनं विचारलं, एवढा गूळ कशाला? तर म्हणाले, "गावाला कोण आलं-गेलं तर?"

कराडहून रिसॉर्टच्या जीपनं वर गेलो. फाटकावर दोन पहारेकऱ्यांनी सलाम ठोकला. टेबलावर उंच पेल्यांतून कोकम सरबत ओळीनं मांडलेलं. आबांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "बघ. रीत हाय की ह्यांच्यात." पण टेबलामागच्या मुलीनं आधी नाव विचारलं, मग गाव, मग कुपन. कुपन फाडून घेतलं आणि मग सरबत पुढे सरकवलं. आबांनी पेला हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला.

"आधी नाव इचारलं," ते हळू आवाजात म्हणाले. लहान मूल शिंकलं तर म्हातारी माणसं काळजी करतात ना, त्या सुरात.

आम्हाला मिळालेल्या खोलीचं नाव 'हिरडा' होतं. शेजारी 'जांभूळ', 'ऐन', 'करंज'. गावाचं नाव कुठेच नाही. पाट्या होत्या 'रानवाट', 'निसर्गझरा', 'येथे जंगल सुरू होते' अशा. पप्पा आणि आई खोलीत सामान लावत होते. आबा आत आलेच नाहीत, आणि मी त्यांच्या मागे गेले.

ते पाटीच्या वाटेनं चालत नव्हते. हिरवळीतून, फुलांच्या वाफ्यांतून, सरळ. जिथे वाट होती तिथून ते चालत होते, वाट आता नव्हती एवढंच. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "आंबं मोज." मी मोजले. अकरा आंबे, एका ओळीत. "रानात आंबं वळीनं उगवत्यात व्हय गं? माझ्या आज्यानं लावल्यात."

हे वाक्य मी नंतर कितीतरी पत्रकांत वापरलंय. लोक तिथे जातात आणि म्हणतात, काय घनदाट जंगल आहे. ते जंगल नाही. माणसं उठवली, घरांच्या भिंती पावसानं बसल्या, आणि त्यावर जे वाढलं त्याला हे लोक जंगल म्हणतात आणि तिकीट लावतात. ती जागा सरकारकडून यांच्या हातात कशी गेली त्याचे कागद मी अजून शोधते आहे.

हिरवळीच्या मधोमध एक सपाट काळा खडक होता, त्यात वाटीसारखा खड्डा, खड्ड्यात झेंडू लावलेला. आबांनी गुडघे टेकले. झेंडू मुळासकट, मातीसकट अलगद काढला आणि बाजूला ठेवला. खड्ड्यात मूठ घातली. मूठ मनगटापर्यंत बसली.

"उखळ. हे आमचं आंगण. आय भात कांडायची ह्यात." हात थोडा वेळ तसाच ठेवला. मग झेंडू होता तसा परत लावला, माती दाबली, आणि आजूबाजूला बघून म्हणाले, "पानी घालाया पायजे त्येला."

पाण्याची जागा त्यांना माहीत होती. जेवणघराच्या मागे 'निसर्गझरा' म्हणून एक गोल हौद केला होता आणि हौदात सिमेंटचा बेडूक बसवला होता. बेडकाच्या तोंडातून पाणी पडत होतं. आबा बेडकाकडे बघून एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "ह्यो कवा आला रं गावात? आमच्या टायमाला नव्हता ह्यो." मग ते वर चढले, जिथून ती नळी निघत होती तिथे, उंबराच्या मुळापाशी. पाला बाजूला केला, वाकले, ओंजळीनं प्यायले. एकदा, दोनदा, पाच वेळा. आटपाडीत दिवसाला दोन पेले पिणारा माणूस. मग तांब्या विसळला, भरला, पिशवीतला गूळ काढला आणि पदरात धरावा तसा धोतराच्या सोग्यात घेतला.

"चल," मला म्हणाले. "पावणं जेवाय बसलं आसतील. लय येळ झाला. कुणी इचारलंबी नसंल त्यास्नी."

मला तेव्हा थांबवता आलं असतं का? कदाचित. पण त्यांची चाल अशी होती, की मला वाटलं आपण लग्नघरात चाललोय.

जेवणघरात पंधराएक टेबलं होती, सगळी भरलेली. एकाशी आई-पप्पा बसले होते, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आबा पहिल्या टेबलापासून सुरू झाले. "या. लांबनं आलासा. घ्या, गूळपानी घ्या." सांगलीचं एक कुटुंब होतं, त्यातल्या आजीबाईंनी काही न विचारता खडा तोंडात टाकला, वरून पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "किती थंड आहे हो." आबा म्हणाले, "वाईच अजून घ्या. आपल्याच उंबराखालचं हाय."

दुसऱ्या टेबलावर कोणी म्हणालं, "हा प्रोग्राम आहे का? संध्याकाळी नाच पण असतो म्हणे." तिसऱ्यावर एका बाईंनी विचारलं, "पाणी फिल्टरचं आहे ना?" एका गृहस्थांनी नोट काढून पुढे केली. आबा हसले. "इकत न्हाई, आवं. घरचं हाय." आणि पुढच्या टेबलाकडे गेले, प्रत्येकाजवळ थांबून, घोट उतरेपर्यंत बघत. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याजवळ ते जास्त वेळ थांबले. पाहुणा लाजतो, असं त्यांचं म्हणणं असायचं.

मग फिल्टरवाल्या बाईंनी मॅनेजरला बोलावलं. तो आला, हसत, टाय सारखा करत. आबांना विचारलं, "बाबा, तुम्ही कोण?"

"आधी घे," आबा म्हणाले. "मग बोल."

दोन-तीन टेबलं हसली. मॅनेजरचं हसू गेलं. त्यानं काउंटरवरून फॉर्म मागवला आणि तो घेऊन आमच्या टेबलाशी आला. आता हेही सांगायला हवं की आमच्या शेजारच्या टेबलावर पप्पांच्या बँकेचे मोठे साहेब सहकुटुंब बसले होते. पप्पांनी सकाळपासून त्यांना तीनदा नमस्कार केला होता.

"सर, हे तुमचे वडील ना? जरा आवरा त्यांना. गेस्टना त्रास होतोय."

साहेबांनी मान वळवली. पप्पांनी साहेबांकडे बघितलं, मग आबांकडे. धोतरात गूळ, पाठीला इरलं, हातात तांब्या. सव्वा वाजला होता, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

"नाही," पप्पा म्हणाले. "म्हणजे ते घरमालक आहेत. आमचे कोणी नाहीत."

आबांनी ते ऐकलं. त्यांच्यात आणि आमच्यात एक टेबल होतं. हातातला तांब्या त्यांनी त्या टेबलावर ठेवला, कारण तिथल्या माणसाचं पाणी घेऊन व्हायचं होतं. ते झाल्यावर परत उचलला.

मॅनेजरनं बोट हलवलं, दोन पहारेकरी आले. एकानं दंडाला धरलं. तिथलाच, जवळच्या वाडीतला तरुण असावा, कारण तो कानात म्हणाला, "आजोबा, चला, मी सोडतो तुमाला गेटपर्यंत."

तेव्हा आबा पहिल्यांदा थांबले.

"कुठवर?"

"गेटपर्यंत."

"शिवेपतोर पावण्याला सोडत्यात, लेकरा. मी काय पावना हाय व्हय?"

त्या पोराचा हात सुटला. दुसऱ्यानं धरला. आणि अशा रीतीनं उंबरदऱ्याच्या माणसाला उंबरदऱ्यातून दुसऱ्यांदा बाहेर काढण्यात आलं. आईनं ताट सरकवलं आणि उठली. पप्पा म्हणाले, "जेवून घ्या, मग बघू." मी गुलाबजाम खाल्ला. दोन खाल्ले.

चार वाजता आई डबा भरून फाटकावर गेली. आबा नव्हते. तो वाडीतला पहारेकरी म्हणाला की बाहेरच्या चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना ठेवून घेतलंय, पण आत्ता ते डोंगरात गेलेत. आणि आम्ही? आम्ही राहिलो. मला पोहायचं होतं, मी पोहले. आई खोलीतून बाहेर आली नाही. पप्पा साहेबांबरोबर 'रानवाट' बघून आले आणि रात्री जेवले नाहीत. अन्याय करणारी माणसं राक्षसासारखी दिसत नाहीत, टॉवेल वाळत घालताना दिसतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी दुपारी जीप आम्हाला घेऊन निघाली. फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध आबा उभे होते. अंगावर स्वच्छ धुतलेलं, अजून ओलसर धोतर. हातात तांब्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आबांनी हात वर केला, मागे वळले आणि जीपच्या पुढे चालायला लागले.

"काय करतायत हे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सोडायला आलेत आम्हाला," आई म्हणाली. "हळू चालवा."

अर्धा मैल असेल. पुढे आबा, मागे चालीच्या वेगानं जीप. ड्रायव्हरनं एकदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. खिंडीच्या अलीकडे गवतात एक शेंदूर उडालेला उभा दगड होता. तिथे आबा थांबले. गावाची खरी शीव. ती बाभळ नुसती उसनवारीची होती.

पप्पा जीपमधून उतरले. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "आबा," ते म्हणाले, "मी काल..."

आबांनी तांब्या पुढे केला. दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

"आधी घ्या."

पप्पांनी खडा घेतला. पाणी वरून प्यायला गेले तर ते हनुवटीवरून शर्टात उतरलं. आबा घोट घशाखाली जाईपर्यंत बघत राहिले, कोणालाही बघायचे तसे. मग आईला दिलं, मला दिलं, ड्रायव्हरला दिलं. पाणी थंड होतं. पप्पांनी पुन्हा तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," आबा म्हणाले. "गावात न्हाई बोललासा ते, शिवंवर कशाला?" मग त्यांनी त्या दगडाला हात लावला, हात कपाळाला लावला, दगड ओलांडला आणि जीपच्या मागच्या बाकावर माझ्या शेजारी चढून बसले. "चला. आता मी तुमचा पावना."

त्या 'लेका'चं 'सायेब' झालं ते मात्र परत फिरलं नाही. पप्पांनी पुढे त्यांच्या पन्हळी बदलून दिल्या, इरल्यासाठी कामट्या आणून दिल्या, बदली झाल्यावरही दर दिवाळीला सांगलीहून जात राहिले. आबा दर वेळी गूळपाणी देतात, बाभळीपर्यंत सोडतात. सायेबच म्हणतात.

मला त्यांचा राग येतो, हे लिहायला हवं. गेल्या वर्षी मी आमचं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. 'उंबरदरे हे गाव उद्ध्वस्त करण्यात आले' असं पहिलंच वाक्य होतं. ते म्हणाले, "उद्ध्वस्त कुठं? माणसं हायत की आता. दिवं लागत्यात. पोरं खेळत्यात. तीस वरीस तिथं कोल्हं हुतं नुसतं."

"आबा, ती गिऱ्हाइकं आहेत. तुम्हाला हाकललं तिथून. तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो की. लय येतो. पर त्या पावण्यांवर का काढू? त्यास्नी कुठं म्हाईत हाय, कुनाच्या गावात आल्यात? कुनी सांगितलंच न्हाई तर." मग म्हणाले, "एकच वाईट वाटतं बग. तिथं आल्याल्या मानसाला गूळपानी कुनी देत न्हाई. आनि आधी नाव इचारत्यात, पर आपलं सांगत न्हाईत."

मी पत्रकातल्या सात मागण्या खोडल्या नाहीत. त्या आहेत, त्यांच्यासाठी आम्ही धरण्याला बसणार आहोत, कागद मिळवणार आहोत. पण इथे सातही लिहीत नाही. इथे आबांची एकच लिहिते, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे.

तुम्ही तिथे जाणारच आहात. सुट्टी लागून आली की जाल, पोरांना घेऊन, जा. पडक्या दातासारखी खिंड दिसली की समजा, आलं. फाटकावर ती मुलगी तुम्हाला नाव विचारेल, गाव विचारेल, सही करायला वही पुढे करेल. तेव्हा तिला विचारा, आम्ही आलोय त्या गावाचं नाव काय? तिला माहीत नसेल. मॅनेजरला बोलवा. तो रिसॉर्टचं नाव सांगेल. म्हणा, ते नाही, गावाचं. मागे रांग लागेल, पोरं कंटाळतील, शेजारच्या रांगेत तुमचे साहेब असतील आणि ते मान वळवून बघतील. बघू देत. वहीच्या वरच्या कोऱ्या जागेत तो स्वतःच्या हातानं 'उंबरदरे' लिहीपर्यंत पेन खाली ठेवा. सही करू नका.